द्राक्षबागेची पाखरांपासून राखण : नव्या बागायतदारांसाठी

द्राक्ष वेलीवरून उतरवल्यानंतर पिकत नाही. आंबा, चिकू, केळी ही फळे पक्व झाली की कडक असतानाच काढता येतात आणि पुढे अढीत किंवा घरात गोड होतात. द्राक्षाला ही सवलत नाही, त्यात भरायची ती सगळी साखर वेलीवर असतानाच भरावी लागते. त्यामुळे मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी धरायला, लागल्यापासून शेवटचा घड कापला जाईपर्यंत पाच-सहा आठवडे माल उघड्यावर गोड होत राहतो, आणि पाखरांचा सगळा प्रश्न या पाच-सहा आठवड्यांपुरता असतो. अंजीर आणि डाळिंब यांचीही गत थोडीफार अशीच आहे. हा लेख मुख्यत्वे द्राक्षाविषयी आहे. पेरू, डाळिंब आणि अंजीर लावणाऱ्यांसाठी जिथे वेगळे काही करावे लागते, तिथे ते सांगितले आहे.

नव्याने बाग लावणाऱ्यांची चूक बहुधा एकच असते. घडातले मणी फुटलेले दिसले, खाली रस गळू लागला, म्हणजे ते जागे होतात आणि मग बाजारातून जे मिळेल ते आणून बागेत टांगतात. तोपर्यंत पाखरांना बाग माहीत झालेली असते. एकदा चव घेऊन गेलेला थवा हुसकावणे आणि अजून न आलेला थवा दूर ठेवणे यांत कष्टांचा फार मोठा फरक आहे. म्हणून पुढील कामांचा क्रम पाळावा. त्यातली पहिली दोन कामे बिनखर्चाची आहेत आणि नेमकी तीच टाळली जातात.

पहिले काम : कोणते पाखरू येते ते ओळखणे

‘पाखरांनी बाग खाल्ली’ एवढ्या माहितीवर उपाय ठरवता येत नाही. फळावरच्या खुणा नीट पाहिल्या तर चोर बहुधा सापडतो.

मण्याच्या सालीला बारीक भोक आहे, आतला रस ओढून घेतलेला आहे आणि सुकलेली साल घडाला तशीच चिकटलेली आहे, असे दिसले तर ते काम चष्मेवाल्याचे असण्याची शक्यता मोठी. हे पिवळसर हिरवे, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले, चिमणीहूनही लहान पाखरू पानांत दिसत नाही. त्याची बारीक किणकिण मात्र ऐकू येते. बुलबुल मण्याचा लचका तोडतो किंवा लहान मणी गिळतो, आणि तो जोडीने किंवा लहान घोळक्याने मांडवाच्या आतच वावरतो. साळुंक्या आणि भोरड्या अख्खे मणी तोडून गिळतात, त्यामुळे घडावर नुसते देठ उरतात. पोपट खातो त्यापेक्षा नासतो जास्त. पेरूच्या किंवा डाळिंबाच्या झाडाखाली अर्धे कुरतडून टाकलेले फळ दिसले तर वर पाहावे. कावळा मोठ्या फळांना चोचीने खोल खड्डा पाडतो. मांडवाखाली सकाळी चघळून टाकलेला चोथा दिसला आणि नुकसान रात्रीतून झाले असेल, तर ती पाखरे नव्हेत, वटवाघळे आहेत. त्यांच्यासाठी दिवसभर डबे वाजवून काहीही साधणार नाही. डाळिंबाला बाजूने पोखरलेले भोक असून कडेला दातांच्या खुणा असतील, तर खारीचा संशय घ्यावा.

यांपैकी द्राक्षासाठी सर्वांत गंभीर पाहुणा म्हणजे भोरडी, म्हणजेच पळसमैना. काळे डोके, काळे पंख आणि गुलाबी अंग असलेली ही पाखरे मध्य आशियाकडून येतात, पावसाळा सरताना महाराष्ट्रात दिसू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांचा इथला मुक्काम आणि आपल्या द्राक्षाचा हंगाम असे नेमके एकावर एक पडतात. ती एकेकटी येत नाहीत. शेकड्यांनी येतात, कधी त्याहून मोठ्या थव्याने येतात, आणि असा थवा एका ओळीवर दहा मिनिटे बसला तर त्या ओळीतला निर्यातीचा माल स्थानिक बाजाराचा होऊन जातो. याच थव्यांनी माळावर आणि ज्वारीच्या रानात नाकतोड्यांचा फडशा पाडलेला असतो हेही विसरू नये. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरासारखी माळरान आणि द्राक्षबाग शेजारी-शेजारी असलेली जागा असेल, तर भोरडीशी गाठ पडणारच असे धरून चालावे.

साळुंकी-भोरडीच्या कुळाला द्राक्षाचे एवढे वेड का, याला शरीरशास्त्रातले एक कारण आहे. या कुळातल्या पाखरांच्या आतड्यात सुक्रोज, म्हणजे उसाची साखर, पचवणारे विकर नसते. द्राक्षातली साखर मात्र जवळजवळ सगळी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपात असते, आणि ती त्यांना थेट पचते. पाखराला ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, मोजावा लागत नाही. गोडी कुठे चढली हे त्याला आपल्याआधी कळते.

दुसरे काम : तारखा मांडणे आणि नुकसान मोजणे

फळछाटणीची, म्हणजे घड येण्यासाठी घेतलेल्या छाटणीची, तारीख वहीत असतेच. त्या तारखेपासून मण्यात पाणी उतरण्याचा काळ साधारण नव्वदाव्या दिवसाच्या आसपास येतो. कडाक्याची थंडी पडली तर तो आणखी लांबतो. या अपेक्षित तारखेच्या दहा दिवस आधी राखणीची सर्व तयारी पूर्ण व्हावी आणि पहिले मणी मऊ लागताच राखण सुरू व्हावी. त्याआधी सुरू करू नये, कारण कडक आंबट मण्यांकडे पाखरे फारशी वळत नाहीत आणि आपली बुजवण्याची साधने मात्र त्यांच्या ओळखीची होऊन बसतात.

सटाणा-बागलाण भागात लवकर छाटणी घेऊन आगाप माल काढणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. आजूबाजूला दुसरी गोड बाग नसते, तेव्हा सगळ्या शिवारातली पाखरे एकाच बागेवर उतरतात. हंगामाच्या शेवटी उरलेल्या एकट्या बागेचेही हेच होते. सगळ्या गावाचा माल एकाच वेळी तयार असतो तेव्हा नुकसान वाटले जाते.

आता मोजणीविषयी. बागेच्या कडेच्या ओळींतून दहा वेली आणि मधल्या भागातून दहा वेली निवडून त्यांना रंगीत सुतळी बांधावी. प्रत्येक वेलीवरचे पाच घड ठरवून ठेवावेत आणि दर चार दिवसांनी त्यांतील किती घडांना चोच लागली आहे ते लिहावे. म्हणजे कडेचे पन्नास आणि मधले पन्नास असे दोन आकडे मिळतात. बहुतेक बागांमध्ये कडेचा आकडा मधल्यापेक्षा बराच मोठा निघतो, कारण पाखरू बांधावरच्या बाभळीवर, विजेच्या तारेवर किंवा शेजारच्या उंच झाडावर बसते, तिथून खाली उतरते आणि धोका वाटताच परत तिथेच जाते. कोणत्या बाजूची कड जास्त खाल्ली जाते हे कळले की अर्धा खर्च वाचू शकतो.

घड मोजावेत, मणी नव्हेत. एका मण्याला चोच लागली की रस शेजारच्या मण्यांवर गळतो, त्यावर मुंग्या, गांधीलमाश्या आणि चिलटे येतात, बुरशी धरते, आणि चार दिवसांत सगळा घड बाद होतो. पाखराने खाल्लेले वजन नगण्य असते. त्याच्यामागून जे येते ते नगण्य नसते.

तिसरे काम : बागेचा परिसर आवरणे

हरभऱ्यात आणि तुरीत घाटेअळी टिपण्यासाठी इंग्रजी ‘टी’ आकाराचे पक्षीथांबे लावण्याची शिफारस केली जाते आणि ती योग्य आहे. मात्र द्राक्षात पाणी उतरण्याच्या सुमारास बागेलगतचे थांबे काढून घ्यावेत, नाहीतर पाखरांना बसायला जागा आपणच पुरवल्यासारखे होते. मांडवाच्या वर निघालेले बांबू आणि तारांची मोकळी टोके शक्य तितकी कमी करावीत. बांधावरची झाडे तोडण्याचा सल्ला मी देणार नाही. वाऱ्याचा अटकाव, सावली आणि अळ्या खाणारी पाखरे हे सगळे त्याच झाडांमुळे मिळते. बागेकडे झुकलेल्या फांद्या छाटल्या तरी पुरे.

पाखरांसाठी बांधावर उंबर, तुती किंवा बोर लावले की ती बागेत येत नाहीत, असे अनेक जण सांगतात. यावर माझा पूर्ण विश्वास नाही. तुतीची फळे आपल्या द्राक्षाच्या नेमक्या वेळी तयार असतील तर बुलबुल तिथे रमतो हे खरे. पण ती संपली की तोच बुलबुल दहा पावलांवरच्या मांडवात येतो. झाड लावायचेच तर बागेपासून चांगले दूर लावावे. पाण्याचे मात्र वेगळे आहे. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात काही पाखरे मण्याला चोच मारतात ती तहानेपोटीही असते, म्हणून बागेपासून दूर सावलीत पाण्याची दोन-तीन पसरट भांडी ठेवण्यात तोटा काही नाही.

चौथे काम : बुजवण्याची साधने आणि त्यांची पाळी

बुजवण्याच्या कोणत्याही साधनाकडून कायमची अपेक्षा ठेवू नये. त्यातून दिवस विकत मिळतात. कोणात चार, कोणात दहा. पाखराला सुरुवातीला भीती वाटते, मग ते लांबून पाहते, मग जवळ येते, आणि काहीच इजा होत नाही हे लक्षात आले की त्याच साधनावर बसते. म्हणून चार-पाच साधने हाताशी ठेवावीत, एका वेळी दोनच वापरावीत, आणि दर चार-पाच दिवसांनी साधन किंवा निदान त्याची जागा बदलावी. सगळी साधने पहिल्याच दिवशी टांगणारा बागायतदार दुसऱ्या आठवड्यात रिकाम्या हाताने उभा राहतो. आम्ही पहिल्या वर्षी नेमके हेच केले होते. ससाण्याच्या आवाजाची ध्वनिफीत भोंग्यावर दिवसभर वाजत ठेवली. आठवड्याच्या आत साळुंक्या त्या भोंग्याखाली निवांत दाणे टिपत होत्या.

चमकीची पट्टी हे स्वस्त आणि त्यातल्या त्यात भरवशाचे साधन आहे. एका बाजूने रुपेरी आणि दुसऱ्या बाजूने लाल असलेली ही पातळ पट्टी मांडवाच्या वर हात-दीड हात उंचीवर, ओळीला आडवी, खांबापासून खांबापर्यंत बांधतात. बांधताना तिला दोन-तीन पीळ द्यावेत आणि ती फार ताणू नये. पीळ असला म्हणजे वाऱ्यात ती फिरते, ऊन चमकवते आणि घोंघावते, आणि पाखरू बुजते ते या दोन्हींच्या मेळाने. सरळ, ताठ बांधलेली पट्टी नुसती शोभेची ठरते. वारा नसलेल्या दिवशी आणि ढगाळ हवेत तिचा उपयोग घटतो हेही लक्षात घ्यावे.

आवाजाच्या साधनांत पत्र्याचा डबा, गोफण आणि हाकारे ही जुनी साधने अजूनही सर्वांत परिणामकारक आहेत, कारण त्यांच्यामागे हलता माणूस असतो. गोफणीचा दगड थव्याच्या दिशेने न टाकता मोकळ्या जागेत पडेल असा भिरकवावा; काम तिच्या फटक्याच्या आवाजाने होते, आणि शेजारच्या बागेत माणसे वावरत असतात. गॅसवर चालणारी, ठरावीक अंतराने स्फोटाचा आवाज करणारी यंत्रे मिळतात. त्यांतील आवाजांमधले अंतर सारखे ठेवू नये आणि यंत्राची जागा दोन-तीन दिवसांनी बदलावी, अन्यथा पाखरे त्या आवाजाचे वेळापत्रक पाठ करतात. गावठाणाजवळ बाग असेल तर असे यंत्र आणू नये.

प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून उडवली जाणारी बंदूक कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. पेट घेतला नाही म्हणून माणूस नळीत डोकावतो आणि त्याच क्षणी ती उडते. यातून डोळे कायमचे गेल्याची उदाहरणे आहेत. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

‘मानवाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी पाखरे पळवणारे’ यंत्र कोणी विकायला आले तर पैसे वाचवावेत. पाखरांची श्रवणशक्ती साधारणपणे आपल्या श्रवणमर्यादेच्या आतच आहे. जे आपल्याला अतिउच्च म्हणून ऐकू येत नाही ते त्यांनाही ऐकू येत नाही. बुजगावण्याविषयी एवढेच सांगता येईल की ते दर दोन दिवसांनी हलवले, त्याचे कपडे वाऱ्यात फडफडत राहिले आणि अधूनमधून त्याच कपड्यांत खरा माणूस बागेत फिरला, तर ते थोडे दिवस काम देते.

राखणीची वेळ हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पाखरांचे खाणे दिवसभर सारखे चालत नाही. उजाडल्यापासून दहा वाजेपर्यंत आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत त्यांचा जोर असतो. भर दुपारी ती सावलीत असतात. दिवसभराचा एक राखणदार ठेवण्यापेक्षा या दोन वेळांना दोन माणसे ठेवणे अधिक फायद्याचे ठरते. त्यातही सकाळचा पहिला तास चुकवू नये. रात्रभर उपाशी असलेला थवा जिथे पहिल्यांदा उतरतो तिथे तो दिवसभर परत येत राहतो, आणि पहिल्याच फेरीत हुसकावला गेला तर बहुधा दुसरीकडे लागतो.

हे ‘दुसरीकडे’ म्हणजे अनेकदा शेजाऱ्याची बाग असते. त्यामुळे लागून असलेल्या तीन-चार बागायतदारांनी मिळून राखणदार ठेवणे हे शेजारधर्माला धरून आहे आणि स्वस्तही पडते. सगळ्या बागांत एकाच वेळी हाकारे झाले, तर थव्याला त्या शिवारावरूनच पुढे जावे लागते.

फवारणीच्या औषधांबाबत नव्या माणसाने फार सावध राहावे. पाखरांना नकोसे वाटणारे काही पदार्थ आहेत. परदेशात द्राक्षावर मिथाइल अँथ्रानिलेट वापरले जाते. पण काढणीच्या तोंडावर घडावर जे पडते ते ग्राहकाच्या पोटात जाते आणि निर्यातीच्या मालात उर्वरित अंशाच्या तपासणीत सापडते. आपल्या देशात द्राक्षासाठी ज्याला मान्यता आहे आणि ज्याचा काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) लेबलवर लिहिलेला आहे, त्याशिवाय काहीही फवारू नये, मग ते ‘सेंद्रिय’ म्हणून विकले जात असले तरी.

पाचवे काम : जाळी

पाखरांना खात्रीने अडवणारे साधन एकच, ते म्हणजे जाळी. ती महाग आहे, म्हणून आधी हिशेब करावा.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. जमीन चौरस धरली तर प्रत्येक बाजू साधारण ६४ मीटर आणि घेर सुमारे २५५ मीटर होतो. मांडवावर तीन मीटर उंचीवर जाळी टाकायची आणि बाजूंनी जमिनीपर्यंत आणून अर्धा मीटर जमिनीवर लोळवायची, तर बाजूंना ८९० चौरस मीटरच्या आसपास जाळी लागते. वरची आणि बाजूंची मिळून ४,९०० ते ५,००० चौरस मीटर, आणि जोड व झोळ यांसाठी आणखी पाच ते दहा टक्के. जमीन लांबट असेल तर घेर वाढतो आणि जाळीही वाढते. या आकड्याला आपल्या गावातला चौरस मीटरचा दर लावावा, त्यात खांब, तार आणि मजुरी मिळवावी, आणि आलेल्या रकमेला जाळीच्या आयुष्याच्या वर्षांनी भागावे. अतिनील किरणांना टिकणारी चांगली जाळी नीट वापरल्यास तीन ते पाच वर्षे चालते. भागाकारातून आलेली वर्षाची रक्कम आणि मागील हंगामात सुतळी बांधलेल्या वेलींवरून काढलेले नुकसान शेजारी-शेजारी लिहिले की निर्णय आपोआप होतो. निर्यातीच्या मालाला जाळी बहुधा परवडते. बेदाण्यासाठी ठेवलेल्या बागेला नेहमीच परवडेल असे नाही.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात पक्षीरोधक आणि गारपीटरोधक जाळीसाठी अनुदानाची तरतूद आहे. दर, क्षेत्राची मर्यादा आणि अर्जाची मुदत बदलत असतात, त्यामुळे खरेदी करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा. पूर्वसंमती मिळण्याआधी घेतलेल्या जाळीचे बिल पुढे कामी येत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. हवामान आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान यांसारख्या हवामानाच्या निकषांवर चालतो. पाखरांच्या नुकसानीची भरपाई त्यातून मिळेल अशी आशा ठेवू नये.

पूर्ण बाग झाकणे परवडत नसेल तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मोजणीत जी कड जास्त खाल्लेली निघाली त्या बाजूच्या चार-पाच ओळी झाकणे. दुसरा मार्ग ‘वाय’ पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या आधारावर वेली चढवलेल्या, बागेसाठी आहे : ओळीच्या दोन्ही बाजूंना घडांच्या पट्ट्यापुरती, तीन-चार फूट रुंदीची जाळी तारेला क्लिपांनी लावत जाणे. वरून पानांचे छत्र असल्यामुळे पाखरू बाजूनेच शिरते आणि तिथेच अडते. जाळी कमी लागते, फवारणीसाठी ती वर गुंडाळता येते. मात्र बुलबुल आणि चष्मेवाला पानांतूनही वाट काढतात, त्यामुळे त्यांचा उपद्रव असलेल्या बागेत ही पद्धत अपुरी पडते.

जाळीचा डोळा १५ ते २० मिलिमीटरचा असावा. त्यातून साळुंकी, भोरडी, पोपट आणि बुलबुल जाऊ शकत नाहीत. मोठ्या डोळ्याची जाळी स्वस्त मिळते, पण तिच्यात लहान पाखरे डोके घालतात आणि अडकतात. त्याहून वाईट म्हणजे मासेमारीच्या धर्तीची, दिसेनाशी बारीक तंगुसाची जाळी. ती पाखरांना अडवत नाही, फास लावते. तिच्यात बुलबुल, घुबडे आणि साप लटकून मरतात. उंदरांचा बंदोबस्त करणारे गव्हाणी घुबड आपल्याच बागेत मारून आपण काही कमावत नाही. जाड धाग्याची, विणलेली, पाखराला लांबून दिसेल अशी पांढरी किंवा हिरवी जाळी घ्यावी.

उभारणी करताना कडेचे खांब बाहेरच्या बाजूला झुकते ठेवून त्यांना ताण द्यावा, कारण सगळा ओढा त्यांच्यावर येतो. खांबांच्या डोक्यावरून आडव्या-उभ्या जस्ताच्या तारा ताणाव्यात आणि जाळी त्या तारांवर टाकावी. नुसती खांबांवर टाकलेली जाळी दोन वाऱ्यांत फाटते. प्रत्येक खांबाच्या टोकावर प्लास्टिकची रिकामी बाटली उलटी बसवावी किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा बांधावा, म्हणजे टोक जाळीत घुसत नाही. जाळी पानांपासून हातभर वर राहिली पाहिजे. ती घडांवर टेकली तर पाखरे बाहेर बसून डोळ्यातून चोच घालतात. झोळ राहू देऊ नये. ताणलेल्या जाळीवरून पाखरू उसळून परत जाते, ढिल्या जाळीत गुंतते. खालची कड मातीने किंवा दगडांनी दाबावी. दारासाठी एक भोक ठेवण्यापेक्षा जाळीचे दोन पदर दोन-अडीच फूट एकमेकांवर येतील असे ठेवावेत, म्हणजे माणूस आत गेला की ते आपोआप मिटतात. आणि ही जाळी गारपिटीची नव्हे, हे ध्यानात असू द्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या तर बारीक गारा तिच्यातून खाली येतात, आणि मोठ्या साचल्या तर त्यांच्या ओझ्याने सांगाडा बसू शकतो.

जाळी लावल्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याभोवती एक फेरी मारावी. आत अडकलेले पाखरू पळवत न बसता एका बाजूची जाळी वर करून त्या दिशेला त्याला वाट द्यावी. धाग्यात गुंतलेले असेल तर त्याच्या डोक्यावर ओला नसलेला मऊ कपडा टाकावा, अंधारात ते शांत होते. मग धागा कात्रीने कापावा, ओढू नये. कापलेली जागा त्याच दिवशी शिवावी.

पेरू, डाळिंब, अंजीर : फळालाच पिशवी

जिथे फळे मोठी आणि मोजकी असतात तिथे बाग झाकण्यापेक्षा फळ झाकणे सोपे पडते. पेरूची विरळणी करून फळ लिंबाएवढे झाले की त्याला फोमची जाळी आणि वर पिशवी चढवतात. यामुळे पाखरांबरोबर फळमाशीही टळते, आणि खरे पाहता या पद्धतीचा प्रसार फळमाशीमुळेच झाला आहे. पिशवी चढवण्यापूर्वी शिफारशीतली फवारणी करून फळ पूर्ण कोरडे होऊ द्यावे. डाळिंबाला उन्हापासून वाचवण्यासाठी लावलेली कापडी आच्छादने आणि जुन्या साड्या पाखरांनाही बऱ्यापैकी अडवतात. पोपट कागदाची पिशवी फाडतो, त्यामुळे पोपटाचा त्रास असलेल्या ठिकाणी न विणलेल्या कापडाची पिशवी घ्यावी. पुरंदरसारख्या भागात अंजीर लावणाऱ्यांना प्रत्येक फळाला पिशवी लावणे शक्य होत नाही. तिथे झाड बुटके ठेवून त्यावर जाळी टाकणे आणि पहाटे लवकर तोडणी करणे हेच हाती राहते. द्राक्षात गुलाबी मणी होऊ नयेत म्हणून घडांना कागद लावण्याची पद्धत नाशिक भागात आहे. त्या कागदामुळे पाखरांचा त्रासही कमी होतो.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचीतील पाखरांना मारणे, त्यांना विष घालणे, फासे लावून पकडणे, त्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे हे ‘शिकार’ या व्याख्येत मोडते. पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हा आहे आणि मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे. फळे खाणारी वटवाघळे आणि साधा कावळा पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होते, त्यामुळे त्यांना मारले तरी चालते असे जुने बागायतदार अजूनही सांगतात. ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली असून ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. विषारी दाणे टाकण्याचा मार्ग तर कायदा बाजूला ठेवला तरी मूर्खपणाचा आहे; ते दाणे कोंबड्या, शेजाऱ्याची जनावरे आणि कधी मुलेही उचलतात.

काढणी आणि जाळी उतरवणे

काढणी मधून सुरू करण्याचा मोह होतो, कारण तिथला माल चांगला दिसतो. साखर उतरली असेल तर आधी कडेच्या ओळी मोकळ्या कराव्यात, म्हणजे राखण करण्याचे क्षेत्र रोज आत-आत सरकत जाते. चोच लागलेले मणी रोज कात्रीने काढावेत आणि बागेबाहेर नेऊन पुरावेत. ते मांडवाखाली पडून राहिले तर चिलटे आणि पाखरे दोन्ही येतात. बेदाणा करणाऱ्यांनी शेडच्या बाजू शेडनेटने पूर्ण बंद कराव्यात, कारण वेलीवर न मिळालेला माल रॅकवर वाळत पडलेला पाखरांना दिसतोच.

शेवटचा घड निघाला की जाळी लगेच उतरवावी, काढणीनंतरच्या खरड छाटणीपर्यंत वर राहू देऊ नये. एप्रिल-मेचे ऊन तिचे आयुष्य विनाकारण खाते आणि रिकाम्या बागेवरची दुर्लक्षित जाळी पाखरांसाठी सापळा बनते. ती झटकून, काड्या आणि पाने काढून, ओळीच्या लांबीप्रमाणे गुंडाळ्या कराव्यात, प्रत्येक गुंडाळीला ओळीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि पोत्यात भरून जमिनीपासून वर टांगून ठेवावी. जमिनीवर ठेवलेल्या जाळीत उंदीर घरे करतात. भोरड्यांचा पहिला थवा कोणत्या तारखेला आणि कोणत्या बांधाकडून आला, हे त्याच दिवशी छाटणीच्या वहीत लिहून ठेवावे. पुढील वर्षी पहिला खांब तिथेच रोवायचा आहे.